बहिणाबाईंचा अक्षय ठेवा

आपल्या सोनगीरचे नाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी दूरवर झालेले आहे. लेकीला लग्नात भांडे देताना आपण त्यावर नाव घालून देतो, ते कायम राहावे म्हणून. पण भांडे झिजते, चेपते आणि एक दिवस मोडीत जाते. भट्टीत पितळ राहते, नाव तेवढे पुसले जाते. आपला किल्ला तर दगडाचा, तोही पडलाच. मग कायमचे टिकते ते काय? हा विचार मनात आला की मला आपल्या खानदेशच्याच बहिणाबाई चौधरी आठवतात.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या शेतकरी घरात झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भिमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी त्यांचे लग्न झाले. शाळा त्यांना मिळाली नाही, अक्षरओळखही झाली नाही. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी ओंकार व सोपानदेव हे मुलगे आणि काशी ही मुलगी. रडत बसायला सवड कुठली? शेत होते, जाते होते, चूल होती. ही कामे करता करताच त्यांच्या तोंडून गाणी येत. माहेर, संसार, शेतीची अवजारे, पोळा, आखाजी, ओळखीची माणसे, सारे त्यांत असे, आणि तेही घरच्या बोलीत.

मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. दोन ओळी लिहायच्या तरी मी दहादा खोडते. म्हणून मला या माउलीचे फार नवल वाटते. आपले गाणे टिकावे, असा हेतू धरून त्या गायल्या नाहीत. दळण सरले की गाणेही वाऱ्यावर जायचे. परंतु त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपास आले, आणि मावसभाऊ पितांबर चौधरी, या दोघांनी कानी पडेल ते टिपून ठेवले. जे टिपले ते राहिले. जे टिपायचे राहून गेले, ते कायमचे गेले.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीत भीत ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्र्यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखले आणि १९५२ साली पुस्तक निघाले. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने त्यांतली गाणी घरोघरी नेली. मुलांच्या क्रमिक पुस्तकांतही ती आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला नाव मिळाले ते या अक्षरशून्य बाईंचे!

यावरून मला एवढे कळते, की टिकणे हे वस्तूच्या बळावर नसते. गाण्याहून दगड बळकट, तरी दगड ढासळला आणि गाणे राहिले. कायम राहायला दोन माणसे लागतात. एक जीव ओतून करणारे, आणि दुसरे ते मोलाचे जाणून जपणारे. पहिले माणूस आपल्या घरोघरी असते. उणीव असते ती दुसऱ्याची.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. अक्षय म्हणजे ज्याला क्षय नाही ते. पण त्या सणाची झोक्यावरची गाणी आज किती लेकींना येतात? ती आपल्या सासवांच्या, आज्यांच्या ओठांवर आहेत, आणि त्यांची वये झाली आहेत. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे, की यंदापासून एक वही घालावी. जिला लिहिता येते तिने लिहावे. मुलींच्या हाती फोन आहेत, त्यांनी आवाज भरून ठेवावा. आणि गाणे कोणाच्या तोंडचे, तेही खाली मांडावे. भांड्यावरचे नाव भट्टीत जाते, वहीतले आपण जपले तर राहील.