डेव्हिड रिकार्डो

डेव्हिड रिकार्डो (१८ एप्रिल, १७७२ – ११ सप्टेंबर, १८२३) हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ, रोखे व्यापारी आणि संसद सदस्य होते. खंडाचा सिद्धान्त आणि तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त यांसाठी ते ओळखले जातात. त्यांची संपत्ती मात्र मुख्यतः सरकारी कर्जरोख्यांच्या व्यवहारातून उभी राहिली.

== सुरुवातीचे जीवन ==
रिकार्डो यांचा जन्म लंडनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील ॲमस्टरडॅमहून आलेले रोखे दलाल होते. १४ व्या वर्षी रिकार्डो त्यांच्या व्यवसायात दाखल झाले. १७९३ मध्ये क्वेकर पंथीय प्रिसिला विल्किन्सन यांच्याशी विवाह केल्याने कुटुंबाशी संबंध तुटले व त्यांना स्वतंत्र व्यवसाय सुरू करावा लागला.

== रोखे व्यवहार ==
त्या काळी ‘कॉन्सोल’ या ३ टक्के व्याजाच्या रोख्यांना बाजारात मोठी मागणी असे. १०० पौंडांच्या दर्शनी किमतीवर वर्षाला ३ पौंड व्याज मिळे. मुद्दल परतफेडीची मुदत ठरलेली नसे. व्याज स्थिर असल्याने किंमत घसरली की नव्या खरेदीदाराचा परतावा वाढे आणि जुन्या धारकाचे भांडवल घटे. १७९२ मध्ये ९५ पौंडांवर असलेला हा रोखा फ्रान्सशी युद्ध, वाढती सरकारी कर्जे आणि बँक ऑफ इंग्लंडने थांबवलेली सुवर्णफेड यांमुळे १७९७ मध्ये ५० च्या खाली गेला, म्हणजेच परतावा ६ टक्क्यांवर पोहोचला.

सरकार नवे कर्ज उभारताना निविदा मागवी आणि कमीत कमी रोख्यांच्या बदल्यात रक्कम देण्यास तयार असलेल्या गटाला ते मिळे. १४ जून १८१५ रोजी, वॉटर्लूच्या लढाईच्या चार दिवस आधी, ३ कोटी ६० लाख पौंडांचे कर्ज रिकार्डो यांच्यासह काही कंत्राटदारांनी घेतले. पराभव झाला असता मोठे नुकसान अटळ होते. मित्र थॉमस माल्थस यांच्यासाठीही त्यांनी या कर्जात हिस्सा राखला होता. धास्तावलेल्या माल्थस यांनी तो अल्प नफ्यावर आधीच विकायला लावला. रिकार्डो यांनी आपला हिस्सा राखून ठेवला. विजयाची वार्ता येताच रोख्यांचे भाव चढले व त्यांना मोठा लाभ झाला.

== सार्वजनिक कर्जाविषयीचे विचार ==
युद्धानंतर ब्रिटनचे कर्ज सुमारे ८० कोटी पौंड होते आणि महसुलाचा जवळपास निम्मा भाग त्याच्या व्याजात जाई. १८१९ मध्ये संसदेत गेल्यावर रिकार्डो यांनी मालमत्तेवर एकवेळचा कर बसवून हे कर्ज फेडावे असे सुचवले. स्वतः मोठे मालमत्ताधारक असल्याने या कराचा भार त्यांच्यावरही पडला असता. संसदेने मात्र सूचना स्वीकारली नाही. कर्जफेड निधी मंत्र्यांच्या हाती राहिल्यास तो नव्या खर्चाकडे वळवला जातो, असा आक्षेप त्यांनी १८२० च्या निबंधात घेतला. याच निबंधात युद्धखर्च करातून भागवणे व कर्जातून भागवणे यांचा भार सिद्धान्ततः सारखाच असल्याचे त्यांनी मांडले. या कल्पनेला पुढे ‘रिकार्डीय समतुल्यता’ असे नाव मिळाले; लोक प्रत्यक्षात असा हिशेब करत नाहीत, हे रिकार्डो यांनी स्वतःच नोंदवले होते.

== मृत्यू ==
कानाचा संसर्ग मेंदूपर्यंत पसरून वयाच्या ५१ व्या वर्षी ग्लॉस्टरशायरमधील गॅटकम पार्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांची मालमत्ता सहा लाख पौंडांहून अधिक होती. तिचा मोठा भाग त्यांनी तोवर रोख्यांतून काढून जमिनीत आणि गहाणखतांत गुंतवला होता.