घरकर्जाला प्रतिष्ठा मिळवून देणारे हसमुखभाई

आज पगारदार माणूस नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच घराचा विचार करू लागतो. पन्नास वर्षांपूर्वी हे चित्र नव्हते. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि पत्नीचे दागिने एकत्र करून निवृत्तीच्या सुमारास घर बांधायचे, तोवर भाड्याच्या खोलीत दिवस काढायचे, अशीच मध्यमवर्गाची रीत होती. ही रीत मोडण्याचे श्रेय ज्या मोजक्या माणसांना जाते, त्यांत हसमुख ठाकोरदास पारेख यांचे नाव अग्रभागी आहे.

हसमुखभाईंचा जन्म १० मार्च १९११ रोजी सुरत येथे झाला. बालपण मुंबईच्या चाळीत गेले. त्यामुळे जागेची टंचाई म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. अर्थशास्त्राच्या ओढीने ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९३६ साली मायदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अध्यापन केले आणि हरकिसनदास लखमीदास या शेअर दलालीच्या पेढीत सुमारे दोन दशके काम केले. पैसा कोणाकडे साठतो, कोणाला हवा असतो आणि या दोघांमधला विश्वास कसा टिकतो, याचे शिक्षण त्यांना या पेढीत मिळाले.

१९५६ साली ते आयसीआयसीआय या नव्या संस्थेत उपमहाव्यवस्थापक म्हणून रुजू झाले. कारखान्यांना दीर्घ मुदतीचे भांडवल पुरवणे हे या संस्थेचे काम. १९७२ मध्ये ते तिचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. उद्योगांना कर्ज देण्यात उभी हयात गेली, तरी एक प्रश्न त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. यंत्र विकत घेणाऱ्या कारखानदाराला पंधरा वर्षांचे कर्ज मिळते. त्याच कारखान्यातल्या कारकुनाला घरासाठी ते का मिळू नये?

त्या काळी घरकर्जाची सोय अगदीच नव्हती असे नाही. आयुर्विमा महामंडळ काही प्रमाणात कर्ज देत असे. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी राज्य पातळीवरील वित्तसंस्था होत्या आणि १९७० साली केंद्र सरकारने हुडको स्थापन केली होती. परंतु एकट्या व्यक्तीने पगाराच्या बळावर कर्ज मागावे, अशी खिडकी जवळजवळ कुठेच नव्हती. बँकांच्या दृष्टीने घर ही उपभोगाची वस्तू होती, उत्पादनाची नव्हे. शिवाय कर्ज बुडाले तर गहाण घर ताब्यात घेण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे आणि तिथे वर्षानुवर्षे जात. राहत्या घरातून कुटुंब बाहेर काढणे व्यवहारात अशक्यच, अशी सर्वसाधारण समजूत होती.

अशा वेळी, निवृत्तीच्या वयात, हसमुखभाईंनी १९७७ साली हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशनची म्हणजेच एचडीएफसीची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. भागभांडवल १० कोटी रुपयांचे. आयसीआयसीआयने पाठबळ दिले, तसेच जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ आणि आगाखान यांनीही भाग घेतले. सरकारी पैसा मात्र नव्हता. जन्मभराची पुण्याई पणाला लागली होती. संस्था बुडाली असती तर मध्यमवर्गाला घरासाठी कर्ज देता येत नाही, ही समजूत आणखी एका पिढीपुरती पक्की झाली असती.

पुढच्याच वर्षी मुंबईच्या मालाड उपनगरातील एका घरासाठी संस्थेने पहिले कर्ज दिले. त्याच वर्षी हसमुखभाईंचे पुतणे दीपक पारेख विदेशी बँकेतली नोकरी सोडून, कमी पगारावर संस्थेत आले.

संस्थेची कार्यपद्धती साधी होती, पण तिच्यामागचा विचार पक्का होता. घर हे तारण खरे. मात्र कर्ज फेडते ते घर नव्हे, माणसाचे उत्पन्न. म्हणून अर्जदाराची मिळकत, नोकरीची स्थिरता, घरखर्च आणि आधीची देणी पाहून मगच रक्कम ठरवली जाई. घराच्या किमतीचा काही हिस्सा अर्जदाराने स्वतः घालणे आवश्यक असे. ज्याची स्वतःची पुंजी घरात अडकलेली आहे, तो हप्ता सहसा चुकवत नाही. मालकी हक्काच्या कागदपत्रांची वकिलाकडून छाननी होई, बांधकाम जसे पुढे सरके तसे कर्ज टप्प्याटप्प्याने दिले जाई. परिणामी थकबाकी अत्यल्प राहिली. मध्यमवर्गीय माणूस सगळे खर्च आवरेल पण घराचा हप्ता भरेल, हा हसमुखभाईंचा अंदाज खरा ठरला.

समान मासिक हप्त्याची पद्धत या संस्थेमुळे घरोघरी पोहोचली. या पद्धतीचा हिशेब कर्जदाराने आजही समजून घ्यावा असा आहे. एक लाख रुपये १२ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे १,२०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण परतफेड २ लाख १६ हजारांची होते. मुदत २० वर्षांची केली तर हप्ता १,१०१ रुपयांवर येतो, पण परतफेड २ लाख ६४ हजारांवर जाते. महिन्याचे शंभर रुपये वाचवण्यासाठी जवळपास ४८ हजार रुपये अधिक मोजावे लागतात. शिवाय २० वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातील १,००० रुपये व्याजातच जातात. मुद्दल कमी होते ते जेमतेम १०१ रुपयांनी. म्हणून पेलेल तेवढाच, पण पेलेल तितका मोठा हप्ता घ्यावा आणि हाती जादा रक्कम आली की सुरुवातीच्याच वर्षांत मुद्दल फेडावे, यात शहाणपण आहे.

कर्ज देणाऱ्यांसाठीही या चरित्रात धडा आहे. अर्ज नाकारणे हा नेहमीच ग्राहकाचा अपमान नसतो. न पेलणारे कर्ज मंजूर करणे हे त्याहून मोठे अहित असते. आर्जवाने वागणे आणि आकड्यांत कठोर राहणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमल्या पाहिजेत, हे हसमुखभाईंच्या संस्थेने दाखवून दिले. तिच्या यशानंतर इतर गृहवित्त संस्था उभ्या राहिल्या आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकही अस्तित्वात आली.

१९९२ साली भारत सरकारने हसमुखभाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. १८ नोव्हेंबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. पत्नी शारदाबेन आणि त्यांना अपत्य नव्हते. १ जुलै २०२३ रोजी त्यांची मूळ संस्था एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. मुंबईत चर्चगेटला संस्थेच्या जुन्या कार्यालयासमोरून जाणारा रस्ता आज एच. टी. पारेख मार्ग म्हणून ओळखला जातो. चाळीतून निघालेल्या या माणसाचे खरे स्मारक मात्र त्या रस्त्यावर नाही. निवृत्तीची वाट न पाहता ज्यांनी स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडला, त्या लक्षावधी कुटुंबांत ते आहे.