नगरांचे वैद्य : पॅट्रिक गेडीस

पॅट्रिक गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय जीवशास्त्र. तरुणपणी मेक्सिकोत संशोधन करीत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे सूक्ष्मदर्शकाचे काम कठीण झाले आणि त्यांचे लक्ष माणसाच्या वस्तीकडे वळले. प्रत्येक जीव आपल्या परिसरावर अवलंबून असतो, हे तत्त्व त्यांनी शहरालाही लावून पाहिले.

१८८६ मध्ये विवाह झाल्यावर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरो शहरातील गरिबांच्या दाट वस्तीत राहावयास गेले. तेथील जुनी घरे त्यांनी दुरुस्त करविली आणि पडीक जागा साफ करून लहान बागा फुलविल्या.

१९१४ मध्ये गेडीस भारतात आले. त्या काळी रोगराई हटविण्यासाठी जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले जात. बेघर झालेली गरीब कुटुंबे मग दुसऱ्या वस्तीत दाटी करीत आणि रोगाला तेथे वाव मिळे. गेडीस यांना हे मान्य नव्हते. कुशल शल्यवैद्य शरीराचा बिघडलेला भाग तेवढाच काढतो. त्याचप्रमाणे मोडकळीस आलेली घरे तेवढी काढावीत, मोकळ्या झालेल्या जागी झाडे लावावीत आणि तलाव बुजविण्याऐवजी स्वच्छ राखून त्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत, असे त्यांनी सुचविले. यामुळे खर्च वाचे आणि गरिबाचे छप्परही टिके.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. थोरला मुलगा महायुद्धात मारला गेला आणि काही आठवड्यांतच ॲना यांचे भारतात निधन झाले. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही.

काशीत मुन्शी घाटाजवळ अहिल्याबाई घाट आहे. ज्या होळकर घराण्याची आठवण हा घाट देतो, त्याच घराण्याच्या इंदूर संस्थानाने गेडीस यांच्याकडे नगररचनेचे काम सोपविले. शहरात प्लेगची भीती होती. गेडीस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग करून घेतला. जो रस्ता सर्वांत स्वच्छ होईल त्या रस्त्याने मिरवणूक जाईल, असे जाहीर होताच लोकांनी घरे-अंगणे झाडून काढली. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाचे स्थान मिळाले, घाणीच्या राक्षसाचे दहन झाले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. १९२४ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

बाग ही श्रीमंत वस्तीची शोभा नव्हे. शुद्ध हवा, सावली आणि मोकळी जागा यांवर गरिबाचाही तेवढाच हक्क आहे, ही शिकवण गेडीस यांच्या जीवनकार्यातून मिळते.