कर्णधार शॅकल्टन

संसाराला सागराची आणि संस्थेला नौकेची उपमा देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कुटुंबातील कर्ता, शाळेचा मुख्याध्यापक, क्रिकेटच्या संघाचा नायक, या सर्वांना आपण कर्णधार म्हणतो. कर्ण म्हणजे सुकाणू, हे मात्र बोलताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नौका ठरलेल्या बंदरास नेतो तो उत्तम कर्णधार, असे आपण मानून चालतो. परंतु बंदर अप्राप्य ठरले आणि नौकाही बुडाली, तर कर्णधाराने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या चरित्रात सापडते, त्या सर अर्नेस्ट शॅकल्टन या दर्यावर्दी पुरुषाची ओळख आम्ही विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस करून देत आहो.

शॅकल्टनचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात झाला. तो दहा वर्षांचा असता त्याचे कुटुंब लंडनला येऊन राहिले. शालेय अभ्यासात त्याचे मन रमले नाही. सोळाव्या वर्षी तो शिडाच्या व्यापारी जहाजावर नोकरीस लागला आणि १८९८ साली कप्तानपदाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. पुढे १९०१ साली कॅप्टन स्कॉटच्या हाताखाली तो दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेवर गेला. परंतु स्कर्व्ही नामक रोगाने तो जर्जर झाला व १९०३ साली त्याला घरी पाठविण्यात आले. अन्य कोणी असता तर पुनः त्या दिशेचे नाव काढते ना.

शॅकल्टनने मात्र १९०७ साली स्वतःची मोहीम काढली. ९ जानेवारी १९०९ रोजी तो आणि त्याचे तीन सोबती ध्रुवापासून अवघ्या ९७ सागरी मैलांवर येऊन ठेपले. तोवर इतक्या दक्षिणेस मनुष्य गेला नव्हता. पण जवळची शिधासामग्री इतकी उणावली होती की, पुढे गेल्यास ध्रुव कदाचित हाती लागता, परंतु परत येणे घडते ना. शॅकल्टनने तेथूनच माघार घेतली आणि चौघेही जिवंत परतले. सुमारे तीन वर्षांनी, १९११ च्या डिसेंबरात, ध्रुवावर प्रथम पोहोचण्याचा मान नॉर्वेच्या अमुंडसेनला मिळाला.

आता ध्रुव जिंकण्याचे काम उरले नव्हते. तेव्हा सबंध दक्षिण खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडावयाचा, असा नवा संकल्प करून १९१४ साली तो ‘एन्ड्युरन्स’ जहाजातून निघाला. १९१५ च्या जानेवारीत वेडेल समुद्रातील बर्फाने जहाजाला चोहोंकडून घेरले. बर्फाच्या दाबाने ते हळूहळू चिरडत गेले. २७ ऑक्टोबर रोजी ते सोडून देणे भाग पडले व २१ नोव्हेंबरला ते बुडाले. अठ्ठावीस माणसे तरंगत्या हिमावर उरली.

येथे शॅकल्टनच्या खऱ्या थोरवीस आरंभ होतो. खंड ओलांडण्याचा संकल्प त्याने सोडला आणि सर्वांना सुखरूप घरी नेणे हेच नवे बंदर ठरविले. प्रत्येकाने केवळ दोन रत्तल खाजगी सामान ठेवावे असा हुकूम देताना त्याने प्रथम स्वतःच्या सोन्याच्या मोहरा बर्फावर टाकून दिल्या. एका सोबत्याचे बॅंजो हे वाद्य मात्र त्याने आग्रहाने बरोबर घेतले, कारण मन खचू न देणे हीदेखील एक शिधासामग्रीच होय. कुरकुर करण्याचा ज्यांचा स्वभाव, त्यांना त्याने आपल्याच तंबूत घेतले. त्यायोगे असंतोष इतरांत पसरला नाही.

१९१६ च्या एप्रिलात बर्फ फुटू लागले, तेव्हा तीन होड्यांतून सर्वजण एलिफंट नामक ओसाड बेटावर पोहोचले. तेथे मदत येण्याची आशा नव्हती. म्हणून २४ एप्रिल रोजी शॅकल्टन पाच सोबत्यांसह बावीस फुटांहून किंचित लांब अशा होडीतून सुमारे ८०० मैलांवरील साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाला. मॅकनिश या सुताराने होडीच्या कडा उंचावून तिला वरून झाकले होते. दिशा ठरविण्याचे काम शॅकल्टनने स्वतःकडे न ठेवता वर्स्ली या निष्णात खलाशावर सोपविले. ढगांतून सूर्य क्वचितच दिसे. गणित किंचित चुकते तर होडी अफाट महासागरात नाहीशी होती. १० मे रोजी ती किनाऱ्यास लागली. पण वस्ती बेटाच्या दुसऱ्या बाजूस होती. म्हणून शॅकल्टन, वर्स्ली व क्रीन हे तिघे अनोळखी हिमपर्वत ओलांडून २० मे रोजी स्ट्रॉमनेस येथे पोहोचले.

एलिफंट बेटावर मागे राहिलेल्या बावीस जणांना आणण्याचे तीन प्रयत्न बर्फामुळे फसले. तिकडे फ्रॅंक वाइल्ड हा, नायक आजच येईल असे सांगून, सर्वांकडून रोज सामान आवरून घेत असे. चौथ्या खेपेस, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, शॅकल्टन चिलीच्या ‘येल्चो’ जहाजातून तेथे आला. बावीसही जण जिवंत होते.

चरित्रलेखक बहुधा येथेच थांबतात. आम्हांस मात्र तसे करता येत नाही. खंडाच्या दुसऱ्या बाजूस, रॉस समुद्राकडे, शॅकल्टनच्याच मार्गावर अन्नसाठे ठेवण्यासाठी गेलेल्या दहा जणांपैकी तिघे मरण पावले. जो प्रवास कधी घडलाच नाही, त्याकरिता त्यांनी ते साठे नेमून दिल्याप्रमाणे ठेविले होते. १९१७ च्या जानेवारीत शॅकल्टन उरलेल्या सातांना आणावयास स्वतः गेला. तसेच, बर्फावर असता मॅकनिशने एकदा आज्ञा मोडली होती. ती गोष्ट मनात धरून शॅकल्टनने त्याचे नाव सन्मानपदकासाठी सुचविले नाही. ज्याच्या हातांनी होडी तरली, त्याच्यावर हा अन्याय झाला असे आम्हांस वाटते.

५ जानेवारी १९२२ रोजी, आणखी एका मोहिमेच्या आरंभी, साउथ जॉर्जिया येथे शॅकल्टनचे हृदयविकाराने निधन झाले आणि तेथेच त्याला मूठमाती देण्यात आली. त्याच्या माथी पुष्कळ कर्ज होते. बरोबर शंभर वर्षांनी, १९२२ नंतर २०२२ च्या मार्चमध्ये, ‘एन्ड्युरन्स’ सुमारे ३००० मीटर खोल समुद्रतळी सापडली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या संघाचा, कोणी दुकानाचा, कोणी एखाद्या संस्थेचा कर्णधार होईल. डोळ्यांसमोरच्या सोबत्यांची काळजी शॅकल्टनने कशी घेतली हे ध्यानी ठेवा. आणि डोळ्यांआड काम करणारे सोबतीही आपल्याच नौकेत असतात, हे विसरू नका. पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाने अमुकच व्हावे असे बंदर आपण पुष्कळदा त्याच्या जन्माबरोबर ठरवून ठेवितो. परीक्षेच्या बर्फात ती वाट कधी बंद झाली, तर बंदर बदलावे. मूल सुखरूप राहील, हे आधी पाहावे.