गीतारहस्यकार बाळ गंगाधर टिळक

बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६ – १ ऑगस्ट १९२०) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी, केसरीचे संपादक आणि गीतारहस्य या ग्रंथाचे कर्ते होत. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या नीतिविचाराची गंभीरपणे दखल घेणाऱ्या आरंभीच्या मराठी ग्रंथांत गीतारहस्याची गणना करावी लागते.

रत्नागिरीत जन्मलेले टिळक १८७७ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून बी.ए. झाले, गणित हा त्यांचा आवडीचा विषय होता. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल व १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही पत्रे सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर केसरीत आलेल्या लेखांबद्दल २२ जुलै १९०८ रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली व ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी जर्मन व फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी गीतारहस्याचा मसुदा पेन्सिलीने लिहून काढला. ते तुरुंगात असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या.

कर्माची योग्यता त्याच्या बाह्य फलावरून ठरवावी की कर्त्याच्या बुद्धीवरून, हा ग्रंथातील मध्यवर्ती प्रश्न आहे. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हे मिल यांच्या पक्षाचे माप टिळकांना अपुरे वाटले. शुद्ध संकल्पाखेरीज निरपवाद चांगले असे काही नाही, हे कांट यांचे प्रतिपादन त्यांना गीतेतील साम्यबुद्धीच्या जवळचे वाटले. तथापि नीतीचा पाया आत्म्याच्या ऐक्यात शोधणारे इंग्लिश तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन त्यांना वेदान्ताच्या अधिक निकटचे वाटत.

दोघांतील खरा भेद सत्याच्या प्रश्नावर दिसतो. निरपराध्याचा जीव वाचविण्यासाठीही खोटे बोलण्याची मुभा नाही, असे कांट यांनी १७९७ च्या एका निबंधात मांडले. टिळकांनी मात्र कर्मजिज्ञासा या प्रकरणात महाभारतातील प्रसंगांच्या आधारे सत्य व अहिंसा यांनाही अपवाद असल्याचे दाखविले. अपवाद केव्हा करावा, याचा निवाडा त्यांनी स्थितप्रज्ञाच्या समबुद्धीवर सोपविला. ही बुद्धी कोणाला लाभली आहे हे इतरांनी कसे ओळखावे, या आक्षेपाला येथे जागा उरते. राजकारणात तर तो अधिकच टोकदार होतो.

जून १९१४ मध्ये टिळकांची सुटका झाली, पण गीतारहस्याच्या वह्या सरकारच्या ताब्यात होत्या. त्या परत मिळेनात तेव्हा सारा ग्रंथ आठवणीतून पुन्हा लिहिण्याची त्यांची तयारी होती. अखेर वह्या हाती आल्या व १९१५ मध्ये ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याचे हिंदी भाषांतर माधवराव सप्रे यांनी केले. सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुरातून हिंदी केसरी सुरू केले होते, आणि टिळकांना शिक्षा झाली त्याच वर्षी त्यांनाही राजद्रोहाखाली अटक झाली होती.