विश्लेषण : मतिमंद किशोरांच्या आक्रमकपणावर ‘कामा’चा उपचार कसा? कमलाबाई निंबकरांनी तो भारतात कसा रुजवला?

बौद्धिक अक्षमता असलेले मूल वयात आले, की लहानपणी सांभाळता येणारा हट्ट कधी कधी मारहाण, वस्तूंची फेकाफेक, डोके आपटून घेणे इथपर्यंत जातो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखल्यासारख्या मँगनीज खाणीच्या गावातून अशा मुलाला घेऊन पालकांनी नागपूर गाठले, तर तिथे ज्या तज्ज्ञांची मदत होऊ शकते त्यांत एक असतो व्यवसायोपचारतज्ज्ञ. हा पेशा भारतात आणणाऱ्या कमलाबाई निंबकर यांचे जीवनकार्य आणि या मुलांसाठी त्याचा असलेला उपयोग, यांविषयी.

कमलाबाई निंबकर कोण होत्या?

मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. जन्म १९०० मध्ये अमेरिकेत, क्वेकर पंथीय कुटुंबात. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या भारतात आल्या, कमला झाल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. फलटणचे कृषिशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेची शाळा आजही ‘कमला निंबकर बालभवन’ या नावाने ओळखली जाते.

व्यवसायोपचाराकडे त्या कशा वळल्या?

या शास्त्राची संघटित सुरुवात अमेरिकेत १९१७ मध्ये झाली. मनोरुग्णालयांतील रुग्ण आणि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक हाताला अर्थपूर्ण काम मिळाल्यावर सावरतात, हा त्यामागचा अनुभव होता. कमलाबाईंनी १९४० च्या दशकात अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फिया येथे हे शिक्षण घेतले. तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या, संसारी गृहिणी होत्या. परत येताना त्यांनी जो पेशा सोबत आणला, त्याचे प्रशिक्षण देणारी एकही संस्था त्या वेळी भारतात नव्हती.

भारतात सुरुवात कुठे झाली?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ उभा राहिला. त्याच्या दहा संस्थापक सदस्यांत अमेरिका, ब्रिटनच्या बरोबरीने भारत होता. विदर्भासाठी महत्त्वाचे वर्ष १९५८. त्यांच्याच प्रयत्नांतून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. त्यामुळे मुंबईपासून शेकडो मैल दूर असलेल्या भागालाही घराजवळ तज्ज्ञ मिळण्याची वाट खुली झाली. अपंगांच्या पुनर्वसनावरील नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आक्रमक मुलाच्या बाबतीत हे शास्त्र काय करते?

ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही, त्याचे वागणे हीच त्याची भाषा असते. त्यामुळे पहिला प्रश्न ‘याला गप्प कसे करायचे’ हा नसतो. ‘हा काय सांगतो आहे’ हा असतो. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, झटके अशी शारीरिक कारणे आधी डॉक्टरांनी तपासायची. नंतर वागणे कधी बिघडते, त्याआधी काय घडले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले, याची नोंद काही आठवडे ठेवायची. एखादा मुलगा कुकरच्या शिट्टीने बिथरतो, एखादी मुलगी न जमणारे काम टाळण्यासाठी चावते, तर कुणाला मारल्यावरच घरच्यांचे लक्ष मिळते. कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

व्यवसायोपचारतज्ज्ञ मुलाला कोणता आवाज, स्पर्श वा गर्दी सोसत नाही हे पाहतो. दिवसाचे वेळापत्रक चित्रांतून आखून देतो. अंघोळ, कपडे, मासिक पाळीतील स्वच्छता अशा गोष्टी छोट्या टप्प्यांत शिकवतो. पुढे भाजी निवडणे, कागदी पिशव्या करणे, रोपांना पाणी घालणे असे जमेल ते काम त्याच्या हाती देतो. नेमके काम आणि ते पुरे झाल्याचे समाधान मिळाले, की आरडाओरडा करून लक्ष वेधण्याची गरज कमी होते. मात्र हे एकट्याचे काम नाही. मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ सोबत लागतात. औषध हा त्यातील एक भाग; झोप आणून मुलाला शांत ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. बांधून वा कोंडून ठेवणे तर भीती आणि राग वाढवणारेच असते.

कायदा काय म्हणतो?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता येत नाही. तिची नोंद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. ४० टक्के किंवा अधिक अक्षमता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांगांना क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षणही हा कायदा देतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र काढणे ही पहिली पायरी.

मग अडचण कुठे आहे?

उपचार एका भेटीत संपत नाही. आठवड्यामागून आठवडे सराव लागतो आणि नागपूरची प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. त्यात पालक मदतीला येतात तेव्हा मूल बहुतेकदा त्यांच्याच उंचीचे झालेले असते आणि सवयी मुरलेल्या असतात. म्हणून तज्ज्ञाने घरच्यांनाच शिकवून पाठवणे आणि तालुक्याच्या ठिकाणी नियमित तपासणी होणे, हे दोन्ही आवश्यक आहे. कमलाबाईंनी १९५८ मध्ये मुंबईचे शिक्षण नागपूरपर्यंत आणले. नागपूर ते तुमसर हे अंतर मात्र अजून कापायचे आहे.