बद्रुद्दीन तय्यबजी : इल्म आणि इन्साफ

आपल्या शहरातून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेला प्रवासी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर आला, की रस्त्यापलीकडे एक जुनी दगडी इमारत दिसते. ही अंजुमन-ए-इस्लामची शाळा. इमारत 1893 मध्ये पूर्ण झाली. संस्था त्याहून जुनी, 1874 ची. ज्या चार-दोन माणसांनी ती उभी केली, त्यांत न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते.

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. त्यातला पहिला आदेश वाचण्याचा आहे. इल्म म्हणजे ज्ञान आणि इन्साफ म्हणजे न्याय, या दोन गोष्टींवर ज्यांनी आयुष्य वेचले, अशा माणसाची आठवण या दिवसांत काढायलाच हवी.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. वडील तय्यब अली सुलेमानी बोहरा समाजातले व्यापारी. घराणे मूळचे खंबायतचे. सात बेटे जोडून तयार झालेल्या या शहरात गुजराती, पारशी, कोकणी मुसलमान, मराठी माणसे असे सगळेच नशीब काढायला आले होते. तय्यब अलींनी मात्र मुलांना नुसते दुकान दिले नाही, शिक्षण दिले. ज्या काळात इंग्रजी शिकणे म्हणजे धर्म बुडवणे असे अनेकांना वाटे, त्या काळात त्यांनी मुलांना विलायतेला पाठवले. थोरले कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन मदरशातून एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि 1860 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लंडनला. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बरे वाटताच ते पुन्हा गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले भारतीय बॅरिस्टर.

वकिलीत नाव आणि पैसा दोन्ही मिळाले. पण समाजातली मुले शाळेत नाहीत, ही बोच त्यांना होती. म्हणून कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि गुलाम मोहम्मद मुन्शी यांच्या साथीने अंजुमन सुरू झाली. दीनी तालीम राहावी आणि इंग्रजी, गणितही यावे, असा तिचा आग्रह होता. आपल्या मुलींनाही त्यांनी शिकवले. 1903 मध्ये मुस्लिम शिक्षण परिषद मुंबईत भरली, तेव्हा अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाची बाजू घेतली आणि कडक पडद्याला विरोध केला. हे सभेतल्या अनेकांना रुचणारे नव्हते. तरी ते बोलले.

फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांचे सार्वजनिक कामातले सोबती. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. या तिघांनी 1885 मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. 1887 मध्ये मद्रासच्या तिसऱ्या अधिवेशनात तय्यबजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हे पद भूषवणारे ते पहिले मुसलमान. देशाच्या सामाईक प्रश्नांत मुसलमानांनी वेगळे का राहावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांना हे पटले नाही. दोघांत पत्रव्यवहार झाला. आपल्याच समाजातला मोठा गट विरोधात आहे, हे पाहून तय्यबजी व्यथित झाले. काँग्रेस काही वर्षे तहकूब करावी, असेही त्यांनी 1888 मध्ये ह्यूम यांना सुचवले. पण शत्रुत्व केले नाही. कोणत्याही एका समाजाचा एकमुखी विरोध असेल तो विषय अधिवेशनात घेऊ नये, हा काँग्रेसचा नियम त्यांच्याच प्रयत्नांतून आला.

1895 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. खरी कसोटी लागली दोन वर्षांनी. जून 1897 मध्ये पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. सरकार खवळले. ‘केसरी’तील लिखाणावरून 27 जुलैला लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढेही तो मिळाला नाही. मग 4 ऑगस्टला अर्ज तय्यबजींसमोर आला. 1893 च्या दंगलीला जेमतेम चार वर्षे झाली होती, मने अजून साफ नव्हती. सरकार विरोधात उभे होते. तय्यबजींनी कायदा पाहिला. खटला चालायला महिना लागेल, आरोपी तोवर कोठडीत राहिला आणि शेवटी निर्दोष ठरला तर तो न्याय कसा, असा त्यांचा विचार होता. त्यांनी जामीन दिला.

पुढे दुसऱ्या न्यायाधीशापुढे खटला चालला. ज्यूरीतले सहा युरोपीय विरोधात गेले, तीन भारतीय बाजूने राहिले. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पण बचावाची तयारी मोकळेपणी करण्याची उसंत त्यांना मिळाली होती. कोणाविषयी मनात कटुता असली तरी न्यायाची वाट सोडू नका, अशी कुरआनची शिकवण आहे. एका मुस्लिम न्यायमूर्तीने त्या दिवशी ती कोर्टात पाळली, एवढे नक्की.

1902 मध्ये ते काही काळ हंगामी मुख्य न्यायमूर्तीही होते. 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे आणि जावई अब्बास तय्यबजी 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींच्या अटकेनंतर पुढे झाले आणि म्हातारपणी तुरुंगात गेले. घरचे संस्कार असे टिकतात.

रमजानमध्ये आपण जकात काढतो. गरिबाच्या घरी धान्य, कपडा पोचतोच. त्यातून एखाद्या मुलीची फी भरली गेली, तर तय्यबजींचे काम थोडे पुढे जाईल. इन्साफासाठी तर पैसेही लागत नाहीत. शेजाऱ्याविषयी ऐकीव गोष्टीवरून मत बनवण्याआधी त्याची बाजू ऐकून घेणे, एवढे हिंदू-मुसलमान दोघांनाही जमण्यासारखे आहे.